माझ्या तबकडीवरची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्यात चुळबूळ जाणवली तर तुम्ही रागावणार नाही. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला सुया, बटणांची पुडी, एक मोडकं कुलूप आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. ही मंडळी स्वभावानं शांत. ठेवल्या जागी पडून राहायला त्यांना काही वाटत नाही. पण जिचा जन्मच गरगर फिरण्यासाठी झाला, तिला डब्यात ठेवणं म्हणजे वासराला खुर्चीवर बसवण्यासारखं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. धुळीचा एक कण माझ्या पोटात गेला असता तरी माझा कारभार तिथंच आटोपला असता. पोटात माझ्या आरशासारखी तबकडी आहे. ती मिनिटाला हजारो गिरक्या घेते आणि तिच्यावरून एक नाजूक सुई, तिला न शिवता, लिहीत-वाचत धावत असते. इतक्या काळजीनं जन्माला घातलेल्या मला नशिबानं पाठवलं कुठं, तर शहराच्या कडेच्या मुकुंदवाडीत. तिथं उन्हाळ्यात धूळ दार न वाजवता आत येते आणि पावसाळ्यापर्यंत हलायचं नाव काढत नाही.

कारखान्यातून निघाल्यावर मला व्हिडिओ गेमच्या एका काळ्या यंत्रात बसवलं. पुढं घरातले सगळे त्याला ‘पेटी’ म्हणायचे, म्हणून मीही पेटीच म्हणते. पेटीचा आणि माझा पहिल्याच दिवशी एक करार झाला. मी जे काही लिहीन ते फक्त या पेटीच्या खुणेच्या भाषेत. दुसऱ्या कुठल्या पेटीला, अगदी तिच्या जुळ्या बहिणीलाही, त्यातलं अक्षर कळणार नाही. हा करार कुणी कधी वाचला नाही. पुढं त्यानंच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

आधी काही वर्षं मी त्याच शहरात, सिडकोत, विश्वजित नावाच्या मुलाच्या घरी होते. काय कौतुक होतं माझं! तो मित्रांना बोलावून गाड्यांच्या शर्यती लावायचा आणि मी त्याचा एकेक विजय जपून लिहून ठेवायची. मग नवी पेटी बाजारात आली. विश्वजितचं लक्ष तिकडं गेलं. आम्ही कपाटावर, शालेय चषकांच्या मागं जाऊन बसलो. एका दुष्काळी उन्हाळ्यात त्यानं आम्हाला सुयशला विकून टाकलं. सुयश तेव्हा शेंद्र्याच्या एका कंपनीत नुकताच लागला होता, आणि पहिला पगार हातात आल्यावर माणसाला जे सुचतं तेच त्यालाही सुचलं.

सुयशचं घर मुकुंदवाडीत, दोन खोल्यांचं. आई-वडील कामासाठी पुण्याकडं, म्हणून सुयश आणि त्याची धाकटी बहीण सुलेखा आजी-आजोबांजवळ राहायची. आजोबा मोतीराम, आजी भामाबाई. या दोघांचं शेंद्र्याला वावर होतं, ते औद्योगिक वसाहतीत गेलं. मोबदला मिळाला, त्यातून हे घर झालं, नातवाला नोकरी लागली तीही त्याच भागात. तक्रार करावी असं कागदावर काही नव्हतं.

पण मोतीरामआबांच्या पायांना कागद वाचता येत नव्हता. सकाळी चहा झाला की ते खांद्यावर टॉवेल टाकायचे. “भामे, आज आपली पाण्याची पाळी हाय. बारं धरून येतो,” म्हणायचे आणि चालू लागायचे. कधी मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर सापडायचे, कधी थेट जालना रोडला, ट्रकांच्या बाजूनं चालताना. कुणीतरी ओळखीचं त्यांना हाताला धरून घरी आणायचं. त्यांना हळूहळू विसर पडू लागला होता. नावं विसरायचे, वार विसरायचे. वावर तेवढं विसरत नव्हते, आणि खरी अडचण तीच होती.

मला त्यांचं दुखणं पहिल्या दिवशीच कळलं. त्यांचे पाय आणि माझी तबकडी, दोघांना थांबणं कुणी शिकवलंच नव्हतं.

सुयशकडं ठोकळ्यांचा एक खेळ होता. मातीचे, दगडाचे, पाण्याचे ठोकळे रचायचे आणि त्यातून हवं ते बांधायचं. सुलेखा तेव्हा नववीत होती. एके दुपारी आबा टॉवेल शोधू लागले, तेव्हा तिनं तो लपवला आणि पेटी चालू केली.

“आबा, चला वावरात. बसा इथं. बांध कुठून जायचा आपला?”

आबांनी डोळे बारीक करून पडद्याकडं पाहिलं. “काहून?”

“सांगा तर.”

“चिंचेपासून सरळ. नाल्याला लागला का वळायचा.” सुलेखा मातीचे ठोकळे टाकत गेली. आबा पुढं सरकले. “हां, हां, थांब! इतकं नाय. तू तं समद्या गावाचं वावर आपल्यात घेती का काय? भांडणं लावशील.”

ती हसली आणि बांध मागं घेतला. मग चिंच झाली, गोठा झाला, दोन बैल उभे राहिले. विहीर आली तेव्हा मात्र आबांनी तिचा हातच धरला.

“तिथं नाय. बाभळीच्या अलीकडं. अन् पायऱ्या पाह्यजेत, चोवीकडून दगड. तुला ठावं नाय ती विहीर काय होती ते. गावच्या विहिरीवर आपल्या बाया लांब उभ्या ऱ्हायच्या. कुणी वरून घागरीत वतलं तं पाणी, नाय तं तसंच माघारी. माहा बाप म्हणला, असं नाय जमायचं. त्यानं अन् माह्या चुलत्यानं दोन उन्हाळे खांदली. पाणी लागलं तव्हा म्हतारा खाली बसून रडला.” आबांनी पडद्यावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. “ह्या विहिरीवर कुणाला इचारावं लागत नव्हतं, पोरी.”

मी ते लिहून घेतलं. म्हणजे त्यांचे शब्द नव्हेत, ते मला लिहिता येत नाहीत. पण बाभळीच्या अलीकडं, चारी बाजूंनी दगड, आत पायऱ्या, तळाशी निळं पाणी, हे सारं माझ्या तबकडीवर उतरलं. त्या खेळात एक गंमत होती. विहिरीतून कितीही बादल्या काढा, पाणी तेवढंच राहायचं. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. “विहीर असावी तं अशी!”

त्या दिवसापासून आबांचं स्टेशनला जाणं बंद झालं. रिमोटची दोन बटणं त्यांना पुरायची. एक पुढं जायचं, एक वळायचं. बांधाबांधानं ते संध्याकाळपर्यंत फिरायचे, मधूनच सुलेखाला हाक मारून चूक काढायचे आणि ती ठोकळा हलवायची. असं वर्षानुवर्षं चाललं. सुलेखा नववीतून कॉलेजात गेली, आणि वावर वाढत गेलं. इतकं अचूक वावर कुठल्या तलाठ्याच्या नकाशावरही नसेल, असं मला वाटायचं. मी खूश होते. मला काम होतं.

आता भामाआजींची बाजूही सांगते, नाही तर माझ्यावर पक्षपाताचा आळ यायचा. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नसे. दिवसाआड नाही, दोन दिवसांनीही नाही. दुष्काळात तर आठवडा उलटायचा, आणि यायची वेळ ठरलेली नसायची. पाणी आलं की गल्लीत एकच आरोळी उठायची, “नळ आलाऽऽ!” लगेच घरोघरी लोक नळाला मोटर लावायचे. ज्याची मोटर लागली नाही त्याच्या नळातून फुसफुस वारा येणार, हा नियम. आमच्या घरात मोटरीचं वजन पेलणारा बोर्ड एकच, बाहेरच्या खोलीत दाराजवळ. त्याच बोर्डात टीव्हीची आणि माझ्या पेटीची वायर असायची. एकदा आजींनी दुसरीकडून वायर ओढून मोटर लावली होती, तेव्हा वायर वितळून घरभर वास सुटला. तेव्हापासून आरोळी ऐकली की आजी स्वयंपाकघरातून धावत यायच्या, एका हातानं माझी पिन उपटायच्या आणि दुसऱ्या हातानं मोटरीची खुपसायच्या.

मित्रांनो, लिहिता लिहिता कुणी तुमच्या हाताखालची वही ओढली तर कागदावर कसा ओरखडा उठतो? माझं तसंच व्हायचं. सुई जागच्या जागी अडखळायची. तबकडीवर एखादा भाग कायमचा खरवडला जायचा. एकदा अशाच वेळी गोठा बैलांसकट नाहीसा झाला. सुलेखा रडकुंडीला आली.

“आजी, निदान बंद करून तरी काढत जा गं!”

“तवर पाणी ऱ्हातंय व्हय?” आजी ड्रमवर पाइप धरून म्हणाल्या. “लई विहीर विहीर करता नं? तुह्या त्या विहिरीच्या पाण्यानं येक तांब्या घासून दाखव, मंग बोल मला.”

सुलेखानं गोठा पुन्हा बांधला.

वर्षं सरली. मुकुंदवाडी आणि चिकलठाण्याच्या मधली मोकळी रानं इमारतींनी भरून गेली. मग पुन्हा मोठा दुष्काळ पडला. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबू लागले. आबांचा विसर वाढला होता. आजींना ते आता ‘ओ बाई’ म्हणायचे. “ओ बाई, च्या मिळंल का?” आजी चहा द्यायच्या आणि तोंड फिरवून कामाला लागायच्या.

त्या उन्हाळ्यात, एका दुपारी, पेटीचा पंखा मोठ्यानं घोंगावला. पिवळा दिवा लागला, तीनदा चिरका आवाज झाला, आणि लाल दिवा उघडझाप करू लागला. पडदा काळा झाला. पडद्यावरचे आबा बांधावर उभे होते, ते बांधासकट तिथंच नाहीसे झाले. मी ठणठणीत होते, पण पेटीचा जीव गेला होता.

“वावर कुठं गेलं?” आबांनी विचारलं. सुलेखानं बटण दाबून पाहिलं, फुंकर मारून पाहिलं, वायरी बदलून पाहिल्या. आबा खोलीत येरझाऱ्या घालू लागले. दाराला कडी लावली की कडी वाजवायचे. दोन दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. तिसऱ्या दिवशी कडी उघडी राहिली.

ते शेंद्र्याजवळ सापडले, भर उन्हात, एका कारखान्याच्या भिंतीला हात लावून चालत असलेले. वॉचमननं त्यांच्या खिशातल्या कार्डावरचा नंबर लावला. तो सुयशला म्हणाला, “बाबा इचारू ऱ्हायले, भिंतीतून वाट कुठं गेली म्हणून. आता काय सांगावं?” चपला रस्त्यात कुठंतरी राहिल्या होत्या. तळपायांची कातडी सोलली होती.

आजींनी परातीत आबांचे पाय घेतले. ड्रमात पाणी तळाला गेलेलं, तरी तांब्यावर तांब्या ओतला. मग नातवंडांकडं न बघता म्हणाल्या, “काय बी करा. त्याहीचं वावर चालू करा. नाय तं हा माणूस येक दिवस गाडीखाली जाईल.”

ज्या आजींनी माझी पिन इतक्या वेळा उपटली, त्यांच्या तोंडून हे ऐकून मी चकित झाले.

सुयशनं मित्राकडून हुबेहूब तशीच एक पेटी आणली. “सोपं आहे,” तो म्हणाला. “वावर हार्ड डिस्कमध्ये आहे. इथून काढायची, तिथं घालायची.” त्यानं पेटी उताणी केली. कडेचं झाकण काढलं. आत माझ्या चौकटीला एकच निळा स्क्रू होता, आणि तो इतक्या वर्षांच्या धुळीनं गच्च बसला होता. स्क्रू-ड्रायव्हर गुळगुळीत फिरू लागला तेव्हा सुयशनं विळीशेजारची सुरी उचलली. आजी ओरडल्या, “भाजीची सुरी हाय ती!” पण स्क्रू सैल झाला. सुयशनं चौकटीची तार धरली, मला मागं ओढलं, आणि मी पहिल्यांदाच उजेडात आले.

तुम्हाला वाटेल, किती छान! मला तर घाबरल्यासारखं झालं. जिच्याशी आयुष्यभर बोलले ती पेटी समोर तोंड वासून पडलेली. सुयशनं मला जुळ्या पेटीत सरकवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल. पुढं जायचं का?

“हां, विचारतंच ते सुरुवातीला,” असं म्हणत सुयशनं अंगठा ‘हो’वर नेला.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. माझ्याजवळ फक्त एक बारीक कुरकुर आहे, ती मी केली. कुणाला ऐकू गेली नाही. पण सुलेखानं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली आणि भावाच्या मनगटावर झडप घातली.

“दादा, थांब! फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणार ते!”

“असं कसं पुसेल? सेम मॉडेल आहे.”

“असू दे सेम. तू सोड ते बटण आधी.”

सुयशनं रिमोट खाली ठेवला. आबा मागून पाहत होते. त्यांच्या पायांना पट्ट्या होत्या, तरी ते उभेच होते.

संध्याकाळी मी आणि जुनी पेटी, दोघी स्टेशन रोडच्या बद्रीनाथच्या दुकानात गेलो. तिथं मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्याचं दुखणं बघितलं जायचं. बद्रीनाथनं मला कानाशी धरून हलकेच ऐकलं.

“डिस्क एकदम अच्छी हाय. पण ही हिच्या पेटीशिवाय बोलायची नाय, दुसरीकडं लावली का खलास. बिमारी पेटीच्या बोर्डात हाय. गरम करून देतो, सोल्डरचे टाके धरतील थोडा वेळ. यकदा चालंल. दुसऱ्यांदाची गॅरंटी मी देत नाय. चालू झाली का खेळत बसू नका. आधी तुमचं ते वावर पेनड्राइव्हवर काढा, तिथं ते साध्या भाषेत उतरतं, दुसरी पेटी बी वाचंल. अन् निघेपर्यंत बंद होऊ देऊ नका. मधी बंद पडली तं विसरून जा, भाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा जुन्या पेटीत बसवलं. निळा स्क्रू बोथटला होता, तो तसाच फिरवला. सुलेखानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला! तिनं पेनड्राइव्ह लावला, वावर निवडलं, नक्कल करायला सांगितलं. पडद्यावर एक लांबट पट्टी आली आणि डावीकडून भरू लागली.

ती लवकर भरायला हवी होती. पण माझ्या तबकडीवर पिन उपटल्याचे ते सगळे ओरखडे होते ना? प्रत्येक ओरखड्याशी सुई अडायची. मी मागं यायची, पुन्हा वाचायची, पुन्हा अडायची. कसंबसं चिंच, बांध, गोठा पार झाला. पट्टी निम्म्यावर आली. पेटीचा पंखा घोंगावू लागला होता. आणि मी अडकले कुठं, तर विहिरीवर.

तेवढ्यात शेजारच्या आशाबाईंची आरोळी आली, “नळ आलाऽऽ!”

आठवड्याच्या हिशेबानं नळ यायला अजून दोन दिवस होते. पण पाण्याला कोण विचारणार? गल्लीभर मोटरी धडधडू लागल्या. आजी उठल्या आणि सवयीनं दोन्ही हात बोर्डाशी गेले. एका हातात मोटरीची पिन, दुसरा हात माझ्या पिनेवर.

“आजी, नको!” सुयश किंचाळला.

“नको कसं? ड्रम पालथा घातला तं बेडूक बी निघायचा नाय. हे पाणी गेलं तं पुन्हा आठवडाभर काय पेशील?”

“पाच मिनिटं थांब.”

“तुह्या पाच मिनिटांसाठी नळ थांबतोय व्हय रं?”

शेजाऱ्यांकडून वीज मागावी तर त्यांच्या बोर्डांत त्यांच्याच मोटरी. सुलेखा पट्टीकडं बघत होती. आजींचा अंगठा माझ्या पिनेवर होता, तो मला वायरीतून जाणवत होता. मी सुई पुन्हा विहिरीवर नेली. पहिली पायरी वाचली. दुसरी वाचेना.

आबा खुर्चीत पुढं वाकून बसले होते. त्यांनी पडद्याकडं बोट केलं. “हे काय भरू ऱ्हायलं गं?”

सुलेखा म्हणाली, “विहीर, आबा. आपली विहीर भरतीय.”

आबांनी मान वळवली. दाराजवळ पिन धरून उभ्या असलेल्या बाईकडं बराच वेळ पाहिलं.

“भामे,” ते म्हणाले, “मंग मोटर कशाला लावती आत्ता? भरू दे की विहीर. भरली म्हंजी काढू पाणी.”

आजी तशाच उभ्या राहिल्या. किती महिन्यांनी त्यांनी स्वतःचं नाव त्या तोंडून ऐकलं होतं. मग त्यांनी माझ्या पिनेवरचा हात काढला. मोटरीची पिन पदरात धरून त्या उंबऱ्यावर बसल्या. बाहेर सगळ्या गल्लीच्या मोटरी पाणी ओढत होत्या आणि आमच्या नळाखाली ठेवलेल्या बादलीत दोऱ्यासारखी धार पडत होती. ती धारही थोड्या वेळानं तुटली. आजींनी बादलीकडं पाहिलं नाही.

दुसरी पायरी लागली. तिसरी लागली. मग निळं पाणी, मग बाभूळ. पट्टी काठोकाठ भरली. सुलेखानं पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला आणि मगच रडली. पेटीनं अजून थोडा वेळ तग धरला, मग पिवळा दिवा लावला. ती पुन्हा कधी उठली नाही.

आशाबाई पाण्यानं भरलेले दोन हंडे घेऊन आल्या. “मोटर जळली का काय, भामाबाई?”

“नाय. आमची विहीर भरायची होती,” आजी म्हणाल्या. आशाबाई आबांकडं पाहू लागल्या, मग आजींकडं. कुणाचं काय बिघडलंय हे त्यांना ठरवता येईना.

पेनड्राइव्हवरचं वावर जुळ्या पेटीत, तिच्या स्वतःच्या डिस्कवर उतरलं. मला काढून टीव्हीखालच्या फळीवर ठेवलं होतं, तिथून मी सगळं ऐकत होते. आबा बांधावर चालू लागले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच भामाआजी हातातलं काम ठेवून पडद्यासमोर बसल्या. विहिरीपाशी येताच म्हणाल्या, “अन् माहा दगड कुठं हाय?”

“कोणता दगड, आजी?”

“धुण्याचा. विहिरीच्या उगवतीला होता. लग्न होऊन आले तव्हापासून त्याच्यावर धुणं आपटलं म्या. पाणी वाहून मिरच्यांला जायचं, म्हणून तं मिरच्या तशा यायच्या. इतकी वर्षं बांधीत बसले, येकानं तरी इचारलं मला?”

आबा हळूच म्हणाले, “व्हय की. दगड ऱ्हायलाच.”

सुलेखानं दगड ठेवला. आजींनी तो दोनदा हलवायला लावला. “आणीक अलीकडं. पाणी मिरच्यांला गेलं पाह्यजे.” तिसऱ्यांदा तो जागेवर बसला.

जुनी पेटी भंगारात गेली. मला पुसून लॅपटॉपला लावावं, असं सुयशच्या मनात होतं. आजींनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. “हिच्यात पहिलं वावर हाय. ऱ्हाऊ दे.” त्यांनी मला या डब्यात ठेवलं. खरंच, ते वावर अजून माझ्यात आहे. पण ज्या पेटीला ते वाचता यायचं तीच उरली नाही. आबा पुढं दोन वर्षांनी गेले. स्टेशनकडं ते पुन्हा कधी फिरकले नाहीत. नंतर शहराचं नावही बदललं. माझ्यात जुनंच लिहिलेलं आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना आपटू नका. चालू असताना पिन ओढू नका. जपायचं असेल त्याची नक्कल वेळेवर करून ठेवा, पेटीचा पंखा घोंगावेपर्यंत वाट पाहू नका. आणि ते जपताना घरातल्या प्रत्येकाला विचारून घ्या, जो कामात असतो त्याला तर आधी.

अधूनमधून आजी सुईसाठी डबा उघडतात. माझ्यावरची धूळ पदरानं पुसतात आणि म्हणतात, “तुह्यात माहा दगड नाय. ठावं हाय मला.” मग सुई घेऊन झाकण लावतात. अंधारात मी विहिरीच्या उगवतीची ती मोकळी जागा पुन्हा पुन्हा आठवत राहते. तेवढा एक दगड माझ्यात असता, तर मी या डब्यात स्वस्थ बसले असते.